दहा मिनिटांचं काम

…नाही, तुम्हीच सांगा, अवघड काय आहे हो त्यात? हातात मावेल एवढा लाकडाचा तुकडा, सोड्याच्या बाटलीची चार दातेरी झाकणं, चार स्क्रू. झाकणं लाकडावर बसवायची आणि माशाच्या शेपटीकडून डोक्याकडे घासायचं, खवले निघालेच म्हणून समजा. दहा मिनिटांचं काम! आणि मी कोण? सुतार! अर्ध्या गल्लीची दारं-खिडक्या माझ्या हातच्या! समोरच्या मास्तरीणबाईंनी नुसतं म्हणायचा अवकाश, "भाऊ, पाट हलतोय जरा," की हा गेलाच पटाशी घेऊन! आणि घरात? घरात बायको बत्तीस वर्षं म्हणतेय, "अहो, तेवढं खवले काढायचं करून द्या ना," आणि मी बत्तीस वर्षं म्हणतोय, "रविवारी करतो."

आता रविवारी मी कुठे असायचो? नदीवर! गळ टाकून! संध्याकाळी पिशवीभर मासे तिच्या पुढ्यात आदळायचे आणि पाय पसरून बसायचं. ती बिचारी सुरीच्या पाठीनं खरवडत बसायची, आणि खवले उडायचे हो… केसांत, चष्म्यावर, भिंतीवर, एकदा तर माझ्या चहात! मी ओरडलो, तर म्हणते कशी, "चमकतेय की नाही तुमची बायको? दागिने केलेत का कधी? मग हेच मिरवते!" एकदा सुरी सटकली, अंगठा कापला, आणि मी काय म्हणालो असेन? "नीट धरता येत नाही का तुला?" असं म्हणालो हो मी. दहा मिनिटांचं काम, आणि वर तोंड करून हे!

शेवटी दवाखान्यात होती ना, तेव्हासुद्धा नळ्या लावलेल्या, आवाज एवढासा, आणि म्हणते, "घरी आले की आधी ते करून घेणार, सोडणार नाही." मी म्हटलं, "रविवारी नक्की, शपथ!" आणि गेली कधी? गुरुवारी! अगं, रविवारपर्यंत थांबायचं तरी! बत्तीस वर्षं थांबलीस, आणखी तीन दिवस जड झाले?

चार महिने गळाला हात लावला नाही मी. परवा म्हटलं जाऊन तर येऊ, घर खायला उठतं. आणि नको होते तेव्हा हे दोन दांडगे मासे! घरी आणले, घमेल्यात ठेवले, बघतायत माझ्याकडे! लेकीला फोन केला, तर ती, "बाबा, ते बाजारात तयार मिळतं हो!" अगं, तयार काय तयार? सुताराला सांगतेस? दहा मिनिटांचं काम!

गेलो कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडे. "चार झाकणं दे रे." तो बघतच राहिला. "काका, झाकणं तर काकू न्यायच्या की! किती वर्षं झाली! मला वाटलं, कारखाना काढताय!"

तुम्हाला सांगतो, झाकणं न घेताच तसाच मागे फिरलो. घरी येऊन सगळं स्वयंपाकघर उपसलं. सापडला… पिठाच्या डब्यामागे, बिस्किटांचा जुना डबा. आत झाकणं, धुऊन पुसून, प्रत्येकाला मधोमध खिळ्यानं भोक पाडलेलं. माझ्याच भुशातून उचललेला सागाचा तुकडा, कडा घासून गुळगुळीत. चार स्क्रू कागदाच्या पुडीत. फक्त पिळायचे बाकी!

पुन्हा लेकीला फोन. म्हटलं, "अगं, एवढं केलं तर पुढचं का नाही केलं तिनं?" ती हळूच म्हणाली, "मी विचारलं होतं, बाबा. आई म्हणाली, ते करतो म्हणालेत ना… मी केलं तर त्यांना वाईट वाटेल."

वाईट वाटेल! मला! ऐकताय ना?

बसलो करायला. डोळ्यांपुढे धड दिसत नव्हतं, चारही झाकणं उलटी बसवली, दाते लाकडाकडे! चाळीस वर्षं सुतारकी केलेला मी! ती असती तर हसून हसून लोळली असती. काढली, सुलटी बसवली, स्क्रू पुन्हा पिळले, घड्याळ पाहिलं… सात मिनिटं! चुकून उलटं केलं ते धरून सात! दहासुद्धा लागली नाहीत हो!

आणि काम काय झकास करतं म्हणता! खवले एका जागी, सगळे घमेल्यात, उडतच नाहीत. भिंत स्वच्छ, ओटा स्वच्छ. चष्मा काढून पाहिला, त्यावरही काही नाही. मासे गेले मास्तरीणबाईंकडे, मला कुठला घास उतरतोय.

भिंतीवर कॅलेंडर होतं, सहज नजर गेली. काय वार असणार हो, मी नदीवर गेलो म्हणजे? रविवारच. म्हटलं, बघ बाई… शब्दाचा पक्का आहे की नाही तुझा नवरा!