पूर्वी रडायचे ते पास्टर

सुजलेल्या गालावर रुमाल बांधून पास्टर एलिसेओ कोबान शहरातल्या दातांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी बसलेल्या, त्यांच्याच चर्चमधल्या दोघींनी त्यांना ओळखलं नाही.

“आपले पास्टर हल्ली फार छान बोलतात गं, ओफेलिया.”

“छान बोलतात. पण पूर्वी प्रार्थना करताना रडायचे. देव पुढ्यातच बसलाय, असे त्याच्याशी बोलायचे.”

“आणि आता?”

“आता घड्याळ बघतात.”

“मग सांग की त्यांना!”

“कुठल्या तोंडानं? माझं तरी काय वेगळं झालंय?”

एलिसेओ न राहवून ओफेलियाकडे वळले. “बाई, माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

“दात फार ठणकतोय का?”

“दात नाही हो. देवापुढे बसलो की काही सुचतच नाही.”

ओफेलियानं आवाज ओळखला. तिनं त्यांचा हात धरला, डोळे मिटले; पण पहिला शब्द दोघांनाही सापडेना.