आठच्या मालिकेविरुद्ध

टपाल कचेरीच्या रांगेत निवृत्त शिक्षिकाबाई उभ्या होत्या. त्यांच्या पुढची आजी खिडकीतल्या मुलीवर कडाडत होती.

"रजिस्टरच कर. टीव्हीवाल्यांना तक्रार आहे. पोचल्याची सही हवी मला!"

"झालं काय, आजी?" मुलीनं विचारलं.

"आठच्या मालिकेत, ऐन जेवणाच्या वेळी, मुके घेतात मेले! लाज कोळून प्यायलेत. घरात नऊ वर्षांची नात आहे माझी!"

"मग टीव्ही बंद करायचा."

"मी का? त्यांनी बंद करावं!"

बाईंना आठवलं, रेडिओवर तसलं गाणं लागलं की वडील नुसते खाकरायचे. आईचा हात लगेच बटणावर जायचा.

आजीनं पत्र खिडकीतून आत सरकवलं. "हे बघ, वाच. सगळं पुराव्यानिशी आहे."

"अगबाई! तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं... अक्षर तर मोत्यासारखं."

"नातीचं आहे. मला कुठलं दिसतंय? मी सांगत गेले, ती लिहीत गेली."

"त्याच नातीचं?"

"हो तर! भारी हुशार. मी म्हटलं, मुके दोन. ती म्हणाली, आजी, तीन. मालिकेतले दिवे गेले तेव्हाचा तू धरलाच नाहीस."

खिडकीतल्या मुलीनं डिंकाची बाटली पुढे केली.

"नीट चिकटव गं. वाटेत कुणा पोराच्या हाती पडायला नको."