लोरेटाचा कागद

मंडळींनो, आलात, बरं केलंत. शनिवारी लोरेटाच्या चर्चमध्ये तिचा अंत्यविधी होता, तिथे आपल्यातली मी एकटी होते. बाकीचे ट्रॅफिकमध्ये अडकले होते म्हणे. शनिवारी सकाळी. अमेरिकेतल्या या एवढ्याशा डब्लिनमध्ये.

मला बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, राग येतोय म्हणून. मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथे खोटं बोललं की बोटांवर फूटपट्टी बसायची. त्यामुळे 'प्रेमळ, हसतमुख' एवढं म्हणून खाली बसणं मला जमणार नाही.

मघाशी आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सुधीरराव म्हणाले, लोरेटा आपल्यातलीच होती. कधीपासून, सुधीरराव? मेल्यापासून?

लायब्ररीच्या याच खोलीत दर सोमवारी तिने आपल्याकडून सिटिझनशिपच्या टेस्टची तयारी करून घेतली. त्यात एक प्रश्न होता, आठवतो? गुलाम म्हणून विकायला या देशात कोणाला आणलं? आपण घोकलेलं उत्तर तिच्या तोंडावर फेकायचो: आफ्रिकेतल्या लोकांना. ती म्हणायची, करेक्ट, नेक्स्ट. त्या 'नेक्स्ट'च्या आधी ती जरा थांबायची. कोणाच्या लक्षात आलं?

एकदा मी तिला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत दाखवला. चौदा पिढ्या. तिने पर्समधून एक कागद काढला. गुलामांच्या जुन्या सरकारी नोंदीची झेरॉक्स. वर मालकाचं नाव, वळणदार अक्षरात. खाली माणसं. वय, बाई की पुरुष, रंग. नाव कोणालाच नाही. आमच्याकडे गाईलासुद्धा नाव असतं हो. यातले काही तिचे पूर्वज असावेत, एवढंच तिला शोधून शोधून कळलं होतं.

तिने मला विचारलं, "ज्यांची नावंच माहीत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही काय करता?"

मी ऐटीत सांगितलं, सर्वपित्री अमावास्येला मंडळात ये. सगळ्यांनाच पाणी देतो आम्ही, माहीत असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही.

ती आली. चर्चला जातानाचे कपडे घालून, कागद घेऊन. सुधीरराव दारात गेले आणि छान हसून म्हणाले, "मॅम, हे फक्त आमच्या लोकांसाठी आहे."

मान खाली घालू नका, सुधीरराव. मी तिथेच होते. वाट्यांमध्ये तीळ घालत होते. घालतच राहिले. तिला बोलावणारी मी. मी तोंड उघडलं नाही. आज माझी जीभ फार चालतेय ना? त्या दिवशी कुठे गेली होती?

आणि लोरेटा सुधीररावांना काय म्हणाली, ठाऊक आहे? "सोमवारी मिसेसना लवकर पाठवा. इतिहासात कच्च्या आहेत." कागद माझ्या हातात ठेवला आणि गेली. पुढच्या सोमवारी वहिनींना शिकवायला हजर. कागद तिने परत मागितला नाही. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला, वरून टेबलक्लॉथ ठेवले.

आता कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, दोन मिनिटं शांतता. नको. शांत आपण तेव्हाही होतो.

इथे परात ठेवलीय. पाणी आहे, तीळ आहेत. हे बायकांनी करायचं नसतं, असं आज मला कोणी सांगू नये. उभे राहा. मी तिचा कागद वाचते, तुम्ही पाणी सोडा.

बाई, वय तीस. नाव माहीत नाही.

पुरुष, वय पंचावन्न. नाव माहीत नाही.

मुलगी, वय दोन. नाव माहीत नाही.

बाई, वय एकोणऐंशी. नाव लोरेटा.

या, सुधीरराव. पहिली ओंजळ तुमची. दुसरी माझी.