फाटकाजवळचा खड्डा

आमच्या अनुश्रीचं लग्न झालं, ते दोन हजार चोवीस साल. श्रावणात मी सदर बाजारात चटई घ्यायला गेलो होतो. त्याच दुकानात भैय्यालाल आणि अंजनाबाई हे नवरा-बायको प्लास्टिकचं गवत पाहत होते.

"कुत्र्यासाठी पाहिजे, भैया. म्हातारा झाला, चिखलात घसरून राहिला." भैय्यालाल दुकानदाराला म्हणाले.

"माती कोणती, काका?"

"काळी कन्हार."

"मग वरची माती काढून गिट्टी टाका लागते. नाही तर पाणी मुरत नाही, वास मारते."

"हव. सारं अंगण सपाट करू."

"फाटकाजवळचा खड्डा बुजवू नका म्हणा यांले." अंजनाबाई मध्येच म्हणाल्या.

"काकू, तिथं पाणी साचन."

"साचू दे. आमच्या यशदीपच्या स्कूटरचं स्टँड रुतून पडला तो. कुत्रा संध्याकाळी तिथंच बसते."

"म्हणूनच बुजवतो, अंजना. किती दिवस वाट पाहीन ते मुकं जनावर?"

"आन् तुम्ही? पोट्ट्याची ड्यूटी सुटाच्या टायमाले रोज फाटक काहून उघडून ठेवता?"



"काका, किती कापू?"

"तेवढी जागा सोडून काप, भैया."

त्यांचा एकुलता मुलगा यशदीप त्याच वर्षी अकरा मार्चला कामावरून परतताना अपघातात वारला.