बुधवारच्या फुगडीसाठी

सन्माननीय अध्यक्ष आनंदराव, व्यासपीठावर हारतुरे सांभाळत अवघडून बसलेली पाहुणेमंडळी, सतरंजीवरच्या माझ्या आयाबहिणींनो, आणि ज्यांच्यासाठी हा थाट मांडला ते आपल्या व्यायामशाळेचे चिटणीस त्र्यंबकराव,

त्र्यंबकराव, हा निरोपाचा समारंभ तुमचाच आहे, एवढं आधी सांगून ठेवते. नाहीतर तुम्हीच टाळ्या वाजवाल आणि शेजारच्याला विचाराल, "कोण हो चाललं?" एका पायात स्वतःची आणि दुसऱ्यात भटजींची वहाण घालून घरी गेलेला माणूस तुम्ही. उद्या नाशकाला लेकाकडे निघालात; गाडी तरी नाशकाचीच धरा.

मी रखमाबाई. समोर उभी आहे ती सुहासिनी मास्तरीण. अक्षराशी माझी ओळख नाही, म्हणून मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं आणि आता तीच वाचते आहे. सुहासिनी, शहाणपणा करून काही गाळू नकोस. आज मला घर सोडता येत नाही. का, ते पुढं येईलच.

त्र्यंबकरावांनी घडवलेले मल्ल तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांची मोठी करामत निराळीच. बुधवारी दुपारी तालीम रिकामी असते, ती त्यांनी बायकांना फुगडी घालायला दिली. केवढा गहजब झाला. तांबड्या मातीत बायका? ब्रह्मचारी मारुतीसमोर? त्र्यंबकराव एवढंच म्हणाले, "मारुतीची अडचण असेल तर मारुतीला विचारतो." आणि दुसऱ्या दिवशी बायकोचं जुनं लुगडं आणून देवापुढं पडदा बांधला. देवाची लाज राहिली, आमचीही सोय झाली.

आता आनंदरावांची नवी कमिटी म्हणते, ठाण्याच्या सामन्यांसाठी हुतूतूच्या पोरांना बुधवार हवा. शिवाय फुगडी म्हणजे गंमत, खेळ नव्हे. खेळाला पंच लागतो, हारजीत लागते. आनंदराव, तुम्ही लहानपणी विटीदांडूत डाव न देता पळून जायचात, तेव्हा कुठला पंच होता? तरी तो खेळच होता. रागावू नका. माझ्या हातचे घावन खाल्लेल्या माणसाला मी एवढं बोलणारच.

आता थट्टा पुरे. आमचा नातू गेल्या चैत्रात घटसर्पानं गेला. तेव्हापासून सून नीला बोलायची थांबली. चूल पेटवायची, धुणं धुवायची, पण हाक मारली तर भिंतीकडं बघायची. तिचा नवरा, माझा लेक उत्तम, कारखान्यात पाळी करून येतो आणि तिच्या शेजारी नुसता बसून राहतो. काय सांगणार तो तरी?

सुहासिनी एका बुधवारी तिला ओढून तालमीत घेऊन गेली. मीही मागं गेले. नीला कोपऱ्यात बसली ती बसलीच. शेवटी मीच पदर खोचला आणि हात पुढं केले. म्हटलं, "धर."

कितीतरी दिवसांनी ती बोलली. "आई, पडाल तुम्ही."

"तू सोडलंस तर पडेन. नाहीतर कशाला पडते?"

धरलंन हो तिनं. माझे गुडघे कुरकुरले, दोन गिरक्यांत मला धाप लागली, पण तिनं हात सोडले नाहीत. खाली बसलो तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पाणी द्या." त्या रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आनंदराव, फुगडीत कुणी हरत नाही, हे तुमचं म्हणणं खरं. एकीनं हात सोडला तर दोघी आपटतात, एवढाच तिचा नियम. पण हा नियम पाळायला बळ लागत नाही, असं कोण म्हणेल?

तुम्ही म्हणाल, फुगडीच ना, मग घरी घाला. वर्षाच्या आत आमच्या घरात सण नाही, मंगळागौर नाही, खेळ नाही. चाळीतल्या बाया तोंडाला पदर लावून बोलतील, की पोर जाऊन वर्ष झालं नाही आणि आई नाचते. तालमीत गेली तर तो व्यायाम. व्यायामाला सुतक आडवं येत नाही. म्हणून तुम्ही फुगडीला गंमत म्हटलंत, की माझ्या सुनेचा रस्ता बंद झाला. तुमच्या लेखी तो एक शब्द आहे. माझ्या घरात तेवढ्यावर एक माणूस तगून होतं.

गेल्या बुधवारी तालमीला कुलूप होतं. नीला पायरीवर ऊन उतरेपर्यंत बसून राहिली. परवा पहाटे जाग आली तेव्हा ती अंथरुणात नव्हती. विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली होती. कळशी बरोबर नव्हती.

मी ओरडले नाही. शेजारी बसले आणि तिचा हात धरला. आत्ताही धरलेलाच आहे. म्हणून मी तुमच्या सभेत नाही. पण मी म्हातारी, किती दिवस धरू? किती रात्री जागू?

त्र्यंबकराव, आज तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. निरोपाच्या दिवशी माणसाचं ऐकतात. सत्काराला उत्तर द्याल तेव्हा शाल, नारळ सगळं विसरा, पण बुधवार मागून घ्या. आनंदराव, मी तुमच्या पाया पडते. वयानं मोठी आहे, तरी पडते. फुगडीला खेळ म्हणा. मनातून पटलं नाही तरी तोंडानं म्हणा.

मला बोलू दिलंत, तुमचे उपकार आहेत. त्र्यंबकराव, नाशकाला सुखानं राहा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. अडाणी बाईचं बोलणं, कुठं शब्द टोचला असेल तर तो माझा समजा, सुहासिनीचा नव्हे, आणि पोटात घाला.

ठराव लिहून पाठवू नका, मला वाचता येत नाही. समारंभाचे पेढेही नकोत, ते पाहुण्यांचे. बुधवार राहणार असेल, तर तालमीतल्या पोरांना जोर मारून झाल्यावर देता ते भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा सुहासिनीबरोबर पाठवा. एका गड्याला देता तेवढेच, नीलाच्या नावानं.