ग्राट्सच्या घड्याळाखाली

(ट्राउडीचं स्वयंपाकघर. टेबलावर ग्राट्स शहरात करायच्या कामांची यादी. एकच ओळ लिहून झालीय.)

ट्राउडी: आणि ती टोपी नको. त्या टोपीत तू बुजगावणं दिसतोस.

गेबहार्ड: बरं, टोपी रद्द. पुढे लिही. तू बहिणीकडे, मी चष्म्याच्या दुकानात. अडीच वाजता टेकडीवर, घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटू.

ट्राउडी: तिथे नको.

गेबहार्ड: का?

ट्राउडी: तिथे एकदा थांबलेय मी तुझ्यासाठी. एकविसाव्या वर्षी, नवा झगा घालून. अडीचपासून चार वाजेपर्यंत. साहेबांचा पत्ता नाही.

गेबहार्ड: आलो होतो मी.

ट्राउडी: हे चाळीस वर्षांनी सुचलं?

गेबहार्ड: बेचाळीस. दोनलाच खालच्या चौकात होतो. वर बघितलं तर बारा वाजून दहा मिनिटं. म्हटलं, वेळ आहे. डुकराचं भाजलेलं मांस खाल्लं, बिअर घेतली, नदीकाठी जरा पडलो...

ट्राउडी: अरे, त्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो. मिनिटं लहान काट्यावर. ग्राट्सच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

गेबहार्ड: वर पोचल्यावर एका शेंबड्या पोरानंच सांगितलं.

ट्राउडी: मनगटावर काही नव्हतं?

गेबहार्ड: गावच्या चर्चच्या घड्याळाला चावी देणारा मी. मनगटावर कशाला बांधू?

ट्राउडी: चावी देणारा! आणि हे मला तेव्हा सांगायला काय झालं होतं?

गेबहार्ड: आख्खं गाव हसलं असतं.

ट्राउडी: हसलं असतं. महिनाभर. मग भोपळ्याच्या बिया काढायला गाव जमलं की हसायला दुसरं कुणीतरी सापडलं असतं त्यांना.

गेबहार्ड: महिन्याभरात तुझा हुबर्टशी साखरपुडा झाला.

ट्राउडी: हुबर्ट चांगला होता.

गेबहार्ड: चांगलाच होता. त्याच्यासाठी घंटा मीच वाजवली. लग्नाची. आणि गेल्या वर्षी अंत्यविधीचीही.

ट्राउडी: हो. ऐकली मी.

गेबहार्ड: मग काय करू? मनोरा खोडू यादीतून? का सगळी यादीच?

ट्राउडी: दे ती पेन्सिल. वेगवेगळं जायचंच नाही. सकाळच्या बसने दोघं एकदम. आधी चष्मा, मग बहिणीकडेही तू येतोयस.

गेबहार्ड: ती विचारेल, हा कशाला आलाय म्हणून.

ट्राउडी: विचारेलच. बसमध्ये दीड तास आहे. ठरवू काय सांगायचं ते.