न थांबणारी कॅसेट

— नाही ना होत तसं काका, ऐका ना, बटण दाबलं की गाणी वेगळी, असं असतं तर तुम्ही घरीच केलं असतंत की! बसा. तो स्पीकर आहे ना जुना, त्याच्यावरच बसा, काही होत नाही त्याला, मेलेलाच आहे तो. तर बघा — ही तुमच्या कॅसेटची फाइल. मी कॉम्प्युटरला सांगितलं, बाबा रे, आवाज थांबला की गाणं संपलं समज आणि तिथे तोड. त्याने काय केलं? काही नाही. म्हणतो, अख्खा तासभर एकच गाणं आहे. आणि खरंय त्याचं! ही बसची कॅसेट आहे हो, हायवेच्या थांब्यावर अक्रोडाच्या केकशेजारी ढिगाने पडलेली असायची ना, त्यातली — हिच्यात आवाज थांबतच नाही. का थांबत नाही? आता हे मी सांगू? वडील जन्मभर सहलीची बस चालवत होते म्हणता आणि हे नाही माहीत! मागे बायका नाचायच्या ना. दोन्हीकडच्या सीटच्या मधल्या त्या एवढ्याशा बोळात, साठीच्या, सत्तरीच्या, गालाला लाली लावून. कायद्याने बंदी, म्हणून पडदे ओढून. गाणं थांबलं की त्या बसणार, आणि एकदा बसल्या की गुडघे बोलायला लागणार, मग उठवून दाखवा त्यांना! म्हणून पहिलं कडवं झालं रे झालं, की त्याच ठेक्यावर पुढचं गाणं. दुसरं कडवं नाही, शेवट तर नाहीच नाही.

मग मी कशी तोडते? कानाने. ही बाई पुढच्या गाण्याआधी श्वास घेते — ऐकलंत? ऐका परत — हां, हा. त्या श्वासाच्या अलीकडे कापायचं. श्वास पुढच्या गाण्याचा, मागच्याचा नाही. पण मग मागचं गाणं कसं संपतं? संपतच नाही. 'ये ना' म्हणते आणि खाली पडल्यासारखं बंद. चालेल ना तुम्हाला? म्हणजे — थांबा, घाई नका करू, आधी ऐका. शनिवारी वडिलांची सत्तरी, एकेका काकामामाने उठायचं, आपल्या गाण्यावर गायचं, आणि हे असं मध्येच धाडकन — बरं दिसेल का ते? नाही दिसणार. तर तुम्ही फक्त एवढंच म्हणा, 'शेवट लावून द्या.' जरा मोठ्याने म्हणा. पैसे नाही लागत त्याचे. म्हणा ना.

बरं, सांगते. जवळ या. ती गाणारी बाई ह्या पडद्यामागे आहे. माझी आई. ओक-बुन तिचं नाव, कॅसेटवर नाही मिळणार तुम्हाला. — कव्हरवरची? छे हो! ती काळ्या चष्म्यावाली फोटोवाल्याची कोणीतरी मेहुणी होती, तिला सा कळत नव्हता. गायची आई. वीस वर्षं, एका खोलीत, आवाज घुमू नये म्हणून अंड्यांचे ट्रे भिंतीला लावलेले, सकाळी एक बाजू, जेवण, मग दुसरी बाजू. शेकड्यांनी गाणी येतात तिला, सगळ्यांचं पहिलं कडवं! हसू नका. हसलेच होते लोक. वॉर्डाच्या स्पर्धेत आम्ही तिला उभी केली, मीच फॉर्म भरला, नवा घोळदार हानबोक शिवला डाळिंबी रंगाचा, आणि आईने एक कडवं गायलं — असं गायलं काका, अख्ख्या देगू शहरात कोणी गायलं नसेल — आणि मग श्वास घेतला आणि सरळ दुसऱ्या गाण्यात गेली. वाजवणारे पहिल्याच गाण्यात. ती तिसऱ्यात. लोकांना वाटलं, म्हातारी गंमत करतेय. टाळ्या काय, शिट्ट्या काय! घरी आली आणि विजेच्या गरम गादीवर आडवी झाली, ती झालीच. डॉक्टर म्हणतात, काही नाही, उठवा. उठवा म्हणे! तुम्ही या आणि उठवा.

मग एकदा एक गिऱ्हाईक आलं, तुमच्यासारखंच, आणि वैतागून म्हणालं, अहो हे असं तुटतंय काय, शेवट कुठाय ह्याचा? आणि पडद्यामागून आवाज. आई. झोपल्या झोपल्या तिने त्या गाण्याचा शेवट गाऊन दाखवला. मी पळत माईक आणला. त्या दिवशी ती उठून बसली, भात खाल्लान, केस विंचरलेन. तेव्हापासून हे सुरू. गिऱ्हाईक म्हणणार 'शेवट हवा', आई उठणार, गाणार. नाही म्हणालं कोणी, की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहणार. म्हणून सांगतेय हो, म्हणा! तुमचं काय जातं? मला इथून हलता येत नाही, कळतंय का? मैत्रीण सोलहून रोज फोन करते, स्टुडिओत जागा आहे, ये, ये. कशी जाऊ? तिकडे गेले तर इकडे शेवट कोण मागणार? आम्ही ग्योदोंगच्या बाजारात राहतो की झाकण लावलेल्या बरणीत, हेच कळेनासं झालंय मला.

आणि अजून एक — नाही, काही नाही. — अहो, तुम्हाला काळजी कसली, जुळेल का आवाज? नाही जुळत! कसा जुळेल? कॅसेटवर ती चाळिशीची आहे, टणटणीत, आणि शेवटाला एकदम म्हातारी येऊन उभी राहते, दम लागलेली. एका बाईने तर विचारलं, ही कोण रडतेय? तेव्हापासून मी लावतच नाही. हो. नाही लावत! आई गाते, मी रेकॉर्ड करते, वा वा म्हणते, आणि फाइलमध्ये मूळ गाणंच हळूहळू बारीक करत नेते, झालं. गिऱ्हाईक खूश. तुम्हालाही तसंच देईन, घाबरू नका, तिचा एक सूर नाही येणार तुमच्या फाइलमध्ये, तुम्ही फक्त मोठ्याने —

आई?

तू कशाला उठलीस, फरशी गार आहे, मोजे कुठेत तुझे? — नाही गं, काकांशी आपलं असंच — काय? माहीत होतं? केव्हापासून? — हो. हो, पडदाच आहे, भिंत नाहीये. आणि गिऱ्हाईक इथेच उभं राहून ऐकतं, आणि मीच तयार फाइल वाजवून दाखवते, एवढ्या मोठ्याने — बाप रे. आई. मग गात का होतीस? घसा बसेपर्यंत, रोज?

काका, ऐकलंत का? म्हणते, माझ्यासाठी. म्हणते, पोरगी एवढी वा वा करते, धावत माईक आणते, हिला आता दुसरं काही राहिलेलंच नाही, आपण नाही गायलो तर हिने दिवस कसा काढायचा? म्हणते, मला तर पडून राहायला आवडतं. आई! मला सोलला — मी तुझ्यासाठी थांबलेय ना गं इथे! तू माझ्यासाठी उठतेस, मी तुझ्यासाठी —

मग उद्या? उद्या काय करायचं आपण?

बोल ना.

— काका, हा घ्या तुमचा पेनड्राइव्ह. नाही, झालेलं नाहीये. कधी होईल ते मला विचारू नका. जा तुम्ही. अहो, जा ना.